लायलचं बर्फस्नान

"मी खरा कसा आहे, हे मला आता कोण सांगणार?" लायल टॉर्गरसनने बायकोला विचारलं.

कार्ला भांडी मशीनमध्ये लावत होती. "का? काय झालं?"

"कंपनीने एक बाई आणल्यात. प्रत्येकाने आपापला ब्रँड बनवायचा म्हणे. तोही अस्सल."

लायल मिनियापोलिसजवळच्या एका विमा कंपनीत होता. गारांनी फुटलेली छपरं पाहायची आणि नुकसान ठरवायचं, हे त्याचं काम. काम चोख होतं, पण त्याचं नाव ऑफिसात कोणाच्या लक्षात राहत नसे आणि आजवर त्याला तेच सोयीचं वाटत आलं होतं. आता मात्र उन्हाळ्याआधी माणसं कमी करायचं ठरलं होतं. त्याची साहेबीण ग्रेचन मीटिंगमध्ये गोड आवाजात म्हणाली होती, "जे दिसतात, ते टिकतात." मुलगी अजून कॉलेजात होती. या वयात नवी नोकरी कोण देणार, या विचाराने त्याची झोप उडाली होती.

ब्रँडवाल्या बाईंचं नाव ब्रायनी. तिने लायलला समोर बसवलं. "घाबरू नकोस. फक्त खरं बोल. सकाळी उठून काय करतोस?"

"गरम पाण्याने आंघोळ करतो. टाकीतलं पाणी संपेपर्यंत. बायको ओरडते."

"हे कोणाला सांगू नकोस," ब्रायनी पटकन म्हणाली. "थंड पाण्याचं काही आहे का? थंड पाणी सध्या फार चालतं."

"मला थंड पाण्याची भीती वाटते."

"मग ती भीती तू जिंकलीस! घे, लिही."

लायलने समाजमाध्यमावर लिहिलं. 'रोज पहाटे पाचला मी बर्फाच्या पाण्यात बसतो. तिथे मला माझा खरा चेहरा भेटतो.' खाली ब्रायनीने काढलेला, आकाशाकडे पाहणारा त्याचा फोटो. संध्याकाळपर्यंत पसंतीच्या अंगठ्यांचा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी ग्रेचन त्याच्या टेबलाशी थांबली आणि चक्क त्याच्या नावाने हाक मारली, "काय लायल, आज पाणी कसं होतं?"

"गार," लायल म्हणाला. त्याला घाम फुटला होता.

त्याच आठवड्यात एकदा पहाटे पाचला दाराची घंटा वाजली. बाहेर शेजारचा ड्वेन, खांद्यावर टॉवेल घेऊन. "वाचलं मी! इतकी वर्षं शेजारी राहतोस आणि एका शब्दाने बोलला नाहीस होय रे?"

"आज... आज सुट्टी असते," लायल झोपेच्या कपड्यांत पुटपुटला.

"बसतोस कशात पण? टब दिसत नाही कुठे."

"गळायला लागला होता. टाकून दिला."

ड्वेन भला माणूस. दुपारी त्याने भावाच्या शेतावरून गुरांना पाणी पाजायची पत्र्याची भली मोठी टाकी आणली आणि लायलच्या गॅरेजमध्ये ठेवून दिली. कार्ला टाकीकडे आणि नवऱ्याकडे आळीपाळीने बघत राहिली. "सांगून टाक ना खरं."

"सांगितलं तर खोटारडा म्हणून पहिला मीच जाईन."

पुढचा दणका ग्रेचनने दिला. दर फेब्रुवारीत गावातली माणसं गोठलेल्या तळ्याला भोक पाडून देणगीसाठी त्यात उड्या मारत. यंदा कंपनीही उतरणार होती. "सगळ्यात पुढे लायल! शिकागोहून मोठे साहेब येतायत बघायला. कोणाला ठेवायचं ते त्यांनाच ठरवायचंय, बरं का."

शनिवारी तळ्यावर निम्मं गाव लोटलं होतं. बर्फ करवतीने चौकोनी कापला होता आणि आतलं पाणी काळंभोर दिसत होतं. रबरी पोशाखातले अग्निशमन दलाचे दोन जवान कडेला उभे होते. ब्रायनी मोबाइल रोखून होती. अर्ध्या चड्डीतला लायल कडेपर्यंत गेला. त्याने डाव्या पायाचा अंगठा बुडवला आणि जी किंकाळी फोडली, ती पलीकडे बर्फातल्या भोकांत गळ टाकून बसलेल्यांनीही ऐकली.

"चल, लायल!" ड्वेन ओरडला. "रोजचंच आहे तुला!"

"नाही रोजचं!" लायलचा बांध फुटला. "मी जन्मात कधी थंड पाण्याने आंघोळ केली नाही! टाकी संपेपर्यंत गरम पाण्याखाली उभा राहतो! नोकरी जाईल म्हणून खोटं लिहिलं! मला फार भीती वाटते हो, पाण्याची पण आणि तुमची पण!"

लायल तोंड लपवून मागे वळला, बर्फावरून पाय सटकला आणि तो धप्पकन पाण्यात पडला.

जवानांनी त्याला बाहेर ओढलं, तेव्हा शिकागोचे साहेब हसता हसता डोळे पुसत होते. "या कंपनीत इतक्या वर्षांत खरं बोलणारा हा पहिला माणूस भेटला. याला कुठे जाऊ देऊ नका."

ब्रायनीने टाकलेली चित्रफीत देशभर फिरली. वसंतात माणसं कमी झाली, पण लायल राहिला. नुसता राहिला नाही, कंपनीचा चेहरा झाला. रस्तोरस्ती फलकांवर किंचाळणारा लायल, आणि खाली 'आम्ही खरं बोलतो'. त्याने थंड पाण्याला घाबरायचं आणि दर फेब्रुवारीत तळ्याकाठी तस्संच किंचाळायचं, असा करारच झाला.

पण एक गोष्ट लायलने कार्लाशिवाय कोणालाच सांगितली नव्हती. तळ्यात पडला त्या रात्री कित्येक आठवड्यांनी त्याला गाढ झोप लागली होती. म्हणून मग एकदा सहज, नुसतं बघावं म्हणून, तो गॅरेजमधल्या टाकीत उतरला होता. मग दुसऱ्या दिवशी. मग रोज.

"लायल!" एका पहाटे गॅरेजच्या दारावर थाप पडली. ड्वेनच तो. "आत कसला खळखळाट चाललाय?"

टाकीतला लायल गळ्यापर्यंत बर्फात होता आणि पकडले जाण्याच्या भीतीने गारठला होता. कार्लाने त्याच्यासाठी आणलेली चहाची उकळती किटली झटकन उचलून दाराशी धरली, दार वीतभर उघडलं आणि ड्वेनला नुसती वाफ दिसू दिली.

"गरम पाण्यात बसलाय रे," ती म्हणाली. "बदलतोय कुठला हा माणूस!"