किल्लोय तुमका बघता

पास्कूबाबांच्या गॅलरीत किल्ला बघायला जायचं, तर आधी केस विंचरावे लागतात. "मास्तर, तुमी किल्ल्याक बघतास, तसो किल्लोय तुमका बघता," असं त्यांचं म्हणणं. ते स्वतः रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तिथे उभे राहतात. खाली मात्र पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. "कठड्याखालचा तेका दिसणा नाय."

मालवणात कोळंबच्या खाडीकाठी, तिसऱ्या मजल्यावर आम्ही समोरासमोर राहतो. त्यांच्या गॅलरीतून खाडी, सिंधुदुर्ग आणि पद्मगड दिसतात. माझ्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. एकदा पास्कूबाबांनी त्या टाकीकडे बराच वेळ पाहिलं आणि "बरी आसा" म्हणाले. त्यांच्या या दयेचा मला अजून राग येतो.

ते हयातभर बोटीवर कुक होते. बायको गेल्यावर हा फ्लॅट घेतला, तो मुलीला दाखवायला. लोर्ना दुबईत नर्स आहे आणि तिने तो अजून पाहिलेला नाही. दर रविवारी ती व्हिडिओ कॉल करते, तेव्हा पास्कूबाब गॅलरीचा पडदा ओढून बसतात. का, तर "किल्लो फोनात मावणा नाय. बघूक हंयच येवक व्हया."

खरा घोटाळा फोन ठेवतानाचा. आमच्याकडे निघताना 'जातंय' म्हणत नाहीत, 'येतंय' म्हणतात. लोर्नाला तर 'फोन ठेवतंय'सुद्धा अभद्र वाटतं. म्हणून ती शेवटी म्हणते, "येतंय हां, पप्पा." फोन बंद झाला की पास्कूबाब माझ्या दारात हजर. "मास्तर, लोर्ना येतंय म्हणता."

मग सोमवारी नुसती धावपळ. काचा वर्तमानपत्राने पुसायच्या, कठडा धुवायचा, तिला आवडतं म्हणून बांगड्याचं तिखलं करायचं. मला किल्ला तपासायला बोलावणं येतं. "बुरूज बरो दिसता मां?" मी केस विंचरून जातो आणि बुरूज जागेवर असल्याचं कळवतो. संध्याकाळपर्यंत कोणी येत नाही आणि तिखलं माझ्या घरी येतं. सोमवारी मी मासे खात नाही, त्यामुळे ते मंगळवारी संपवतो.

असे सहा सोमवार गेले. सातव्या रविवारी ते पुन्हा दारात आले, तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "पास्कूबाब, पोरगी निरोप घेता. इतक्याय तुमका कळणा नाय?"

ते म्हणाले, "कळता रे." आजवर त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "पण कोणतरी येतला म्हटल्यार घर झाडूक बरा वाटता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा मंगळवार त्यांचं तिखलं मिटक्या मारत खाल्लं आणि एवढं समजलं नाही. मुकाट्याने त्यांच्या मागोमाग त्यांच्या घरात गेलो, कुंचा मागून घेतला आणि दोघांनी मिळून छताची जाळी काढली. ते जाळी दाखवत होते, मी काढत होतो.

निघताना सवयीने म्हटलं, "येतंय, पास्कूबाब."

"कधी?" त्यांनी विचारलं.

'येतंय'ला असा प्रश्न मला जन्मात कोणी विचारला नव्हता. मी चप्पल घालता घालता थांबलो.

"उद्या. सकाळी आठाक."

"बरा," ते म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी दोघांपुरते काळे वाटाणे भिजत घातले.