फोटोतलं पांढरं काहीतरी

जी वस्तू वापरात येते ती बिघडते, आणि जी बिघडते तिला परिपूर्ण म्हणता येत नाही. त्यामुळे जगात परिपूर्ण मोटार एकच : जी चालत नाही. चालणारी मोटार पंचविसाव्या हिश्श्याची करायची, तिचं इंजिन जन्मात सुरू होणार नाही याची खात्री करून घ्यायची आणि मग त्या इंजिनाला इंधनाच्या नळ्या जोडत बसायचं, इथपर्यंत माणसाची बुद्धी पोचली आहे. यापुढे कुठे जायचं हे अजून कोणाला सुचलेलं नाही.

इंडियाना राज्यातल्या ब्रॅन्सफर्ड गावी या कामासाठी रीतसर संस्था आहे. तिचं नाव तीन-काउंटी लघुमोटार मंडळ. सभासदांचं सरासरी वय अडुसष्ट (दरवर्षी एकाने वाढतं). मंडळाच्या पाहणीनुसार प्रत्येक सभासदाच्या तळघरात न जोडलेल्या गाड्यांचे सरासरी दोनशे चाळीस खोके आहेत आणि वर्षाकाठी सरासरी एक पूर्णांक एक तृतीयांश गाडी पुरी होते. म्हणजे हातातलं काम संपवायला प्रत्येकाने आणखी एकशे ऐंशी वर्षं जगायला हवं. मंडळाने तसा ठराव एकमताने केला आहे, आणि नवे खोके घेणं चालूच ठेवलं आहे.

यात सर्वात मानाचा विभाग सरळ शर्यतीच्या गाड्यांचा. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, हिरवा दिवा लागला की पाव मैल नाकासमोर सोडायच्या, झालं. खरी शर्यत सात सेकंदांत आटोपते. तिच्यातल्या गाडीची प्रतिकृती करायला तीन वर्षं लागतात. यातलं गंभीर काम कोणतं, हे सुज्ञांना सांगायला नको.

लोवेल स्टकी हा या विभागातला नामांकित माणूस. विमा कंपनीत नुकसानीची तपासणी करण्यात त्याची हयात गेली होती, त्यामुळे कोणत्याही गाडीकडे संशयाने बघण्याची सवय अंगवळणी पडलेली. निवृत्तीनंतर त्याने आपलं तळघर, आपली नजर आणि आपल्या बायकोचं सामान या कलेला वाहिलं. गाडी थांबवायला मागे उघडणारी छत्री नॅडीनच्या रेशमी रुमालाची. सीटचे पट्टे तिच्या वाइनच्या बाटलीच्या वेष्टनाचे. रंग वाळवायला सफरचंदाच्या चकत्या सुकवायचं तिचं विजेचं यंत्र.

"लोवेल, या सफरचंदांना थिनरचा वास येतोय."

"लाल रंगाचा तिसरा हात होता. खाऊ नकोस."

"तिसरा? मग पहिल्या दोन हातांच्या वेळच्या आपण खाल्ल्या की!"

"म्हणून तर तिसरा द्यावा लागला. वाफ धरली होती रंगावर," लोवेल म्हणाला. नॅडीनच्या पोटाविषयी त्याने चौकशी केल्याची नोंद नाही.

अशा माणसाला मंडळाच्या वार्षिक स्पर्धेत आजवर पहिला क्रमांक मिळाला नव्हता. दुसरा मिळे. दरवर्षी न चुकता मिळे. इतका, की दुसऱ्या क्रमांकाच्या प्रशस्तिपत्रावर त्याचं नाव आधीच छापून ठेवतात अशी वदंता होती. (वदंता खोटी होती. फक्त आडनाव छापत.) पहिला क्रमांक त्याला हवा होता, आणि किती हवा होता हे त्याने नॅडीनलाही कधी सांगितलं नव्हतं.

म्हणून त्याने 'मक्याचा धूमकेतू' करायला घेतला. सत्तर सालची ही लालभडक गाडी. तिचं वरचं सगळं कवच मागच्या बिजागरीवर पेटीच्या झाकणासारखं उचललं जाई, टेकूच्या दांड्यावर उभं राही आणि खाली उघडं इंजिन दिसे. एका उन्हाळ्यात या गाडीने चार राज्यं हादरवली. ती चालवणारा माणूस हार्लन स्टकी, म्हणजे लोवेलचा थोरला भाऊ.

हार्लन हयात होता. सात मैलांवर राहत होता. दर आठवड्याला फोन करत होता.

"बारक्या, रविवारी ये. लोरेटा बीफ भाजतेय, बटाटे-गाजरं घालून."

"जमायचं नाही रे. तुझ्या गाडीत अडकलोय."

"माझ्या गाडीत? ती बहात्तर साली भंगारात गेली."

"ती नाही. खरी."

हार्लन म्हणाला, "मग होऊ दे पुरी लवकर. डॉक्टर म्हणतोय, डोळ्यांचं मधलं दिसणं चाललंय. कडेकडेचं थोडं राहील. नाताळच्या आत दाखव बाबा. एकदा बघू दे."

लोवेलने शब्द दिला, आणि मनापासून दिला. जगात त्याने कोणावर जीव टाकला असेल तर या भावावर. लहानपणी तो हार्लनच्या मागे मागे इतका असे, की गावातले लोक हार्लनला विचारत, तुझी सावली आज रंगीत कशी. फोन ठेवल्यावर तो भावाखातर आणखी जोमाने कामाला लागला, म्हणजे पुढचे सहा रविवार त्याने फोनच उचलला नाही.

अडचण एकच होती. कवच उचललेल्या अवस्थेतला धूमकेतूचा फोटो साऱ्या जगात एकच उपलब्ध होता, जुन्या मासिकातला, काळापांढरा, डाव्या बाजूने काढलेला. त्यात इंजिनाच्या पलीकडे, चौकट आणि कवच यांच्यामध्ये, पांढरं काहीतरी दिसत होतं. उभं, लांबुडकं, वर जरा रुंद. ते काय, हे कळल्याशिवाय गाडी पुरी होणं शक्य नव्हतं.

या पांढऱ्यावर मंडळात तीन पंथ झाले. एक म्हणे आग विझवायची नळकांडी. दुसरा म्हणे ओघळलेलं इंधन गोळा करायची बाटली. मुख्य परीक्षक ऑर्विल पास्क यांचा तिसरा पंथ, घडी केलेल्या छत्रीचा. (या पंथात ते एकटेच होते, पण परीक्षक असल्याने तो सर्वात मोठा धरला जाई.) दोन सभासदांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. एकाने भिंगाखाली ठिपके मोजून एकतीस पानांचा निबंध लिहिला. निष्कर्ष असा की पांढरं हे पांढरंच आहे. निबंधाला टाळ्या पडल्या.

"अगं, पण हार्लनलाच विचारावं ना," नॅडीनने सुचवलं, ते मात्र आपल्या बहिणीला, फोनवर, हसत. "इथे सगळे म्हातारे फोटोतल्या डागावर भांडतायत आणि गाडी चालवणारा माणूस सात मैलांवर बसून टीव्ही ऐकतोय!"

बायकांना शास्त्र कळत नाही. मंडळाचा नववा नियम स्पष्ट आहे : पुरावा छापील हवा. मानवी स्मरणशक्ती, त्यातही संबंधित व्यक्तीची, ग्राह्य नाही. नातेवाइकांची तर मुळीच नाही. हा नियम अनुभवातून आला आहे. पूर्वी एका गाडीचा मूळ मालक प्रदर्शनाला येऊन म्हणाला होता की आमच्या गाडीचा रंग हिरवा होता. मासिकात ती निळी होती. मालकाला समज देऊन घरी पाठवण्यात आलं. काखेत कळसा असेल तर असो बापडा. मंडळाला कळशाचा फोटो लागतो.

नाताळ आला आणि गेला. जानेवारीत हार्लनच्या बायकोने, लोरेटाने, त्याच्या गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या. फेब्रुवारीत लोवेलने नळकांडीच्या बाजूने कौल दिला, दिव्याच्या तारेच्या वेष्टनातून दोन सेंटीमीटर उंचीची नळकांडी बनवली आणि तिच्यावर दाबमापक बसवला. कवचाला टेकूचा दांडा लावला. त्या दांड्याला वर खाली मिळून चार बोल्ट, प्रत्येक बोल्ट खसखशीएवढा. बोल्ट फिरत नव्हते. पण फिरले असते तर घड्याळाच्या दिशेने फिरले असते, एवढी काळजी त्याने घेतली.

स्पर्धा एप्रिलमध्ये, अग्निशमन केंद्राच्या दालनात. बंब बाहेर काढून आत टेबलं मांडली होती. (त्या दिवशी गावाने आग लावून घेऊ नये अशी विनंती करण्यात येते.) परीक्षक दाताच्या डॉक्टरचा आरसा आणि लहान टॉर्च घेऊन फिरत होते. आरसा गाडीच्या पोटाखाली धरायचा, पण गाडीला बोट लावायचं नाही. ज्या गाडीला निकालाआधी कोणाचाही हात लागला ती स्पर्धेतून बाद. मालकाने ती उचलून घरी न्यावी. पास्क धूमकेतूपाशी बावीस मिनिटं वाकून उभे राहिले. सरळ होताना त्यांच्या कमरेतून आवाज आला आणि चेहऱ्यावर कौतुक दिसलं. लोवेल काय ते समजला.

आणि तेवढ्यात लोरेटाचा दंड धरून हार्लन आला.

"कुठाय?" तो म्हणाला.

"तुझ्यासमोर आहे."

हार्लनने मान तिरकी केली, मग दुसरीकडे तिरकी केली, कोंबडी दाण्याकडे बघते तशी. "लाल काहीतरी दिसतंय कडेला. बारक्या, हातात दे की जरा. बोटांनी बघतो."

"स्पर्श नाही," पास्क म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी टोपी काढून म्हटलं. "निकालापर्यंत नाही, मिस्टर स्टकी. आणि निकालानंतर पहिल्या क्रमांकाची गाडी वर्षभर गावच्या ग्रंथालयात, कुलूपबंद काचेत. बाकीच्यांनी आजच घरी न्याव्यात."

"वर्षभर मी कुठे चाललोय," हार्लन म्हणाला, पण त्याचा हात पुढेच राहिला होता. लोरेटाने तो हळूच खाली घेतला. "बरं, तूच सांग. मी ऐकतो."

लोवेलने सांगितलं. नळ्या, तारा, पट्टे, बोल्ट. हार्लन मान डोलवत होता. आणि सांगता सांगता, नियम क्रमांक नऊ असतानाही, लोवेलच्या तोंडून तो प्रश्न गेला : "हार्लन, त्या मासिकातल्या फोटोत इंजिनाच्या पलीकडे पांढरं काय आहे रे?"

"माझ्या न्हाणीघरात लावलाय तोच फोटो ना? अरे गाढवा, तो तू आहेस."

"मी?"

"टेकूचा दांडा मोडला नव्हता का त्या उन्हाळ्यात! तुला पलीकडून झाडूचा दांडा देऊन उभा करायचो मी, कवच धरून. पांढरा बनियन घालून. हात भरून यायचे तुझे, पण सोडलं नाहीस कधी. फोटोवाल्याला म्हटलं, पोरगाही येऊ दे. तर तो म्हणाला, इंजिन महत्त्वाचं."

लोवेलला ते आठवतच होतं. झाडूच्या दांड्याचा तळहाताला लागणारा खडबडीतपणासुद्धा. फक्त ते छापून आलेलं नसल्यामुळे त्याने ते तीन वर्षं विचारातच घेतलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला दुसरा क्रमांक हवासा वाटला. दुसऱ्या क्रमांकाची गाडी आजच हार्लनच्या हातात देता आली असती.

तो पास्क यांच्याकडे धावला. "गाडी चुकलीय. टेकूचा दांडा नव्हताच. आणि ती नळकांडी म्हणजे मी आहे. गुण कापा."

"पुरावा?"

"मी! मी स्वतः उभा होतो तिथे!"

"छापील?"

"फोटोत आहे की."

"फोटोत पांढरं आहे," पास्क दुःखाने म्हणाले. "तुम्ही आहात असं तुम्ही म्हणता. तुम्ही चालकाचे सख्खे भाऊ. शिवाय फोटोतली व्यक्ती, म्हणजे दोन्हीकडून हितसंबंधी. आणि दांडा मोडला होता याला आधार भावाचं तोंडी बोलणं. नाही लोवेल, मी नियमाबाहेर जाऊन तुमचं नुकसान नाही करणार."

लोवेल टेबलाकडे परतला. गाडी तिथेच होती, हातभर अंतरावर. नुसतं बोट लावलं असतं तरी ती बाद झाली असती आणि पुढच्या क्षणी हार्लनच्या ओंजळीत देता आली असती. त्याने हात उचलला. समोर पास्क निकालाचा कागद घेऊन माइककडे निघाले होते. तीन वर्षं, आठ तारा, खसखशीएवढे चार बोल्ट. हात हवेत जरा वेळ राहिला, आणि मग पँटच्या खिशात गेला.

पहिल्या क्रमांकाला टाळ्या खूप पडल्या. सर्वात जोरात हार्लनने वाजवल्या. तो नक्की कुठे बघून वाजवतोय हे कळत नव्हतं. मग लोरेटा म्हणाली, डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली, आणि ती दोघं गेली. नियमाने माझे हात बांधले होते, असं लोवेल पुढे सगळ्यांना सांगत असे, आणि सगळ्यांना ते पटत असे.

गाडी ग्रंथालयात आहे. पाटीवर लिहिलं आहे : आग विझवण्याची नळकांडी, अचूक.

मंडळाची सभासद-नोंदणी चालू आहे. ब्रॅन्सफर्डला राहण्याची अट नाही, गाडी जोडता येण्याचीही नाही, आणि वर्गणी माफ आहे. पात्रता एवढीच की आपलं एखादं जिवाभावाचं माणूस हयात असावं, ते फोनच्या अंतरावर असावं, आणि त्याच्याविषयी आपल्याला सगळं माहीत असल्यामुळे त्याला काही विचारायचं आपण कधीचं सोडून दिलेलं असावं. हे वाचत इथवर आलेल्या बहुतेकांची नावं मंडळाने आधीच पटावर घेतली आहेत. ज्यांना हरकत असेल त्यांनी आजच त्या माणसाला फोन करावा, म्हणजे नाव कमी होईल. आजवर अशा कारणाने एकही नाव कमी झालेलं नाही.