दोन वह्या, एकच कव्हर

मंगळवारी सकाळी सहा वाजून सतरा मिनिटांनी बाळाच्या आईने ठरवलं, की आज जायचं नाही.

कुठे, ते सकाळच्या वेळेवरून उघडच आहे. पण त्या घरात त्या गोष्टीचं नाव कुणी घेत नसे. सासूबाई 'तिकडे' म्हणत, आणि नवरा नुसतीच मान खाली घाली. बाळ झाल्यापासून तिला तिकडे चीर पडली होती. रोज सकाळी काचेवर बसल्यासारखं व्हायचं. मलमं झाली, गोळ्या झाल्या. शेवटी सर्जननी छोटंसं ऑपरेशन केलं आणि शनिवारी घरी सोडताना बजावलं, "माझं काम झालं, आता तुमचं. भरपूर पाणी प्या, फळं-भाज्या खा, रात्री ही पूड घ्या. दिवसातून तीनदा कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसा. लागली की जायचं. कुंथायचं नाही, थांबवायचं तर मुळीच नाही. पुन्हा फाटलं तर पुन्हा टेबलावर यावं लागेल."

तिने सगळं नीट ऐकलं आणि त्यातलं एकच वाक्य घरी आणलं: पुन्हा फाटलं तर.

बाळ सात महिन्यांचं, अजून अंगावर पिणारं. पुन्हा ऑपरेशन झालं तर त्याला पाजणार कोण? या काळजीवर तिने सातवीच्या गणिताने उत्तर काढलं. आत काही गेलंच नाही, तर बाहेर येणार काय? झालं. पाणी अर्ध्या पेल्यावर आलं, जेवण चार घासांवर, आणि रात्रीची पूड सासूबाईंची पाठ वळली की सरळ मोरीत. (चहा तेवढा चालू होता. चहाला ती खाण्यापिण्यात धरत नसे.)

हे सगळं ती वहीत मात्र खरंखरं लिहीत होती. शाळेने तिला दुसरं काही दिलं नसेल, पण वहीत खोटं लिहायचं नाही, हे पक्कं भिनवलं होतं.

वह्या दोन होत्या. पहिली बाळाची. रोज चार-चार फोन करून तिने बाळांच्या डॉक्टरीणबाईंचा जीव खाल्ला, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "बाई, आता फोन नको, वहीत लिहा. दर शुक्रवारी बघेन." दुसरी वही तिची स्वतःची, सर्जनना दाखवायची. नवरा घड्याळजी. त्याने दोन्ही वह्यांना रकाने आखून दिले, 'वेळ' हा रकाना सर्वांत मोठा ठेवला, आणि दोन्हींना एकसारखं खाकी कव्हर घातलं. तिळाएवढा स्क्रू डोळे मिटून ओळखणारा माणूस, पण कव्हरवर नावं घालायची राहिली.

शुक्रवारी दहा वाजता तो बाळाला आणि वहीला घेऊन दवाखान्यात गेला. इकडे ती टबात बसली होती. तेवढ्यात फोन वाजला. दाराबाहेरून सासूबाईंनी तो उचलला. त्यांना फोन फक्त स्पीकरवरच घेता येई.

"बाळाच्या आई ना? बाळाला चहा कधीपासून देता?" डॉक्टरीणबाईंचा आवाज.

"चहा? छे हो!" ती टबातून ओरडली.

"हे बघा. बुधवार, सात वाजून पाच, चहा एक कप. सात पन्नास, पुन्हा चहा. दहा वाजता टबात बसले, थोडी रडले. साडेदहा, नवऱ्यावर ओरडले. कारण: नव्हतं."

टबातल्या पाण्याबरोबर बाळाची आईसुद्धा गार पडली.

"सात महिन्यांची पोर, आणि लग्नसुद्धा उरकलंत?"

मागून नवऱ्याचा आवाज आला, "डॉक्टर, वेळ बरोबर आहे. साडेदहालाच ओरडली. मी घड्याळ बघितलं होतं."

"तुम्ही गप्प बसा हो. पुढे काय लिहिलंय? मंगळवार, सहा सतरा: आली होती, परत पाठवली. बुधवार: आली, परत पाठवली. गुरुवार: आता येतच नाही, बहुतेक रागावली. पूड: मोरीत..." डॉक्टरीणबाई थांबल्या. "अगंबाई. ही वही तुमची आहे."

दवाखान्याचं दार उघडं असावं. कारण पलीकडून पाच-सहा बायकांचं हसू आलं, आणि मागोमाग एका बाळाचं रडणं. (ते आपलंच, हे तिने लगेच ओळखलं.)

"पूड मोरीत?" सासूबाई फोनला म्हणाल्या, पण ते होतं दारासाठी.

पलीकडे दार लोटल्याचा आवाज झाला. डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघा बाई. जेवढी थांबवाल तेवढी ती आत सुकते. मग दगड होते, आणि तुम्ही ज्याला भिताय तेच होऊन बसतं. बाळाचं वजन या आठवड्यात वाढलेलं नाही. तुम्ही पाणी प्यायला नाहीत, तर दूध कमी पडणारच. तुमचं दुखणं सर्जनचं, माझं नाही. आत्ताच्या आत्ता तिकडे फोन करा आणि तीन दिवस झालेत हे सांगा. लाजू नका."

"लाजायला आता काही शिल्लक आहे का?" ती टबातून म्हणाली.

सर्जनच्या नर्सने सगळं ऐकून घेतलं, आत विचारून आली, आणि एकदासुद्धा रागावली नाही. पूड चुकवायची नाही. दर तासाला पाणी. पायांखाली बुटकं बाकडं घ्या, पाच मिनिटांत नाही झालं तर उठा. उद्यापर्यंत काही झालं नाही, फार दुखलं किंवा रक्त आलं, तर लगेच निघून या.

सासूबाईंनी पेला हातात दिला आणि पूड संपेपर्यंत समोर उभ्या राहिल्या.

"आता तोंड उघडून दाखव."

"आई, मी काय लहान आहे?"

"मोरीला पाजणाऱ्याला मोठं कोण म्हणेल?" मग त्यांनी रिकामा पेला पालथा घातला. "तुझ्या नवऱ्याच्या वेळी मलाही झालं होतं. कुणाला सांगणार? सहा महिने उभ्यानेच जेवले. लोक म्हणायचे, सून किती कामसू, बसत म्हणून नाही!"

बाळाची आई हसली, आणि हसता हसता रडली. इतक्या वर्षांत हे कुणाला ठाऊकच नव्हतं. ज्याच्यामुळे झालं त्यालाही नाही.

तो घरी आला तेव्हा त्याचे कान अजून लाल होते. "चुकलं माझं," तो म्हणाला. "पण एक सांगू? निघताना दोघी जणी जिन्यापर्यंत मागे आल्या. म्हटलं, आता चिडवणार. तर हळूच विचारतात, त्या सर्जनचा पत्ता मिळेल का? एक तर म्हणाली, चार महिने झाले, घरी बोलले नाही."

शनिवारी सकाळी सात चाळीसला ती आत गेली. बाहेर सासूबाई बाळाला घेऊन उभ्या, शेजारी नवरा घड्याळ घेऊन.

"तीन मिनिटं झाली!"

"अरे, तू गप. धावायची शर्यत आहे का?"

आत तिने डोळे मिटले, दोन्ही पाय बाकड्यावर टेकले आणि मनात म्हटलं, जे व्हायचं ते होऊ दे. आणि झालं. गरम चहाने जीभ पोळावी, इतकंच दुखलं. एवढ्यासाठी चार दिवस ती उपाशी, बाळ अर्धपोटी आणि मोरी धष्टपुष्ट!

ती डोळे पुसत बाहेर आली. सासूबाई घाबरल्या. "काय गं? फाटलं का?"

"नाही आई. झाली. छान झाली."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. नवरा असा हसला, की जणू बंद पडलेलं घड्याळ टिकटिकायला लागलं. तिने बाळाला घेतलं आणि सात महिन्यांत पहिल्यांदा न कण्हता मांडी घालून बसली. बाळ पोटभर प्यालं. सोमवारी सर्जननी तपासून सांगितलं, "मस्त भरतेय. असंच चालू ठेवा."

यात तिचं स्वतःचं कौतुक ते काय? नर्स रागावली नाही, डॉक्टरीणबाईंनी दार लोटलं, सासूबाईंनी पेला धरला. तिने स्वतः केलं काय, तर मोरीला पूड पाजली.

तेव्हा तुमच्या घरात, शेजारात कुणी कारण न सांगता उभ्याने जेवत असेल, तर तिला एवढं सांगा: पाणी पी, आलेली थांबवू नकोस, डॉक्टरला दाखव, लाजू नकोस. नक्की सांगा. फक्त सांगताना बाळाच्या आईचं नाव घेऊ नका, अशी तिची हात जोडून विनंती आहे.

म्हणजे घेतलंत तरी फरक पडणार नाही. सासूबाई गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत सांगून आल्या आहेत.