दाजींनी दिलेले शब्द

शिरगावच्या दाजींना विस्मरणाचा आजार जडल्याचे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा त्याची पहिली दखल पुतण्या नितेशने घेतली. तो रोज समाचाराला येऊ लागला.

दाजी एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी तोंडाने सांगितलेली गाडी कधी रद्द झाली नाही, अशी त्यांची ख्याती. आता आपण जेवलो की नाही हे त्यांना आठवत नसे. पण दिलेला शब्द पाळायचा असतो, एवढे पक्के ठाऊक असे.

"काका, दोन पेट्या हापूस देतो म्हणाला होतात."

"म्हटलं होतं?" दाजी ओशाळले. "मग ने रे. शब्द तो शब्द."

पेट्यांमागून विहिरीवरचा पंप गेला. पंपामागून बोटातली अंगठी गेली. मग काकांनी घरामागची कलमांची बागही आपल्याला कबूल केली होती, असे नितेशला आठवले. सोमवारी बक्षीसपत्र नोंदवायचे ठरले.

दाजींची मुलगी शकू ते थांबवायला तडक रत्नागिरीला नोंदणी कचेरीत गेली. तिथल्या साहेबांनी आस्थेने ऐकून घेतले.

"वडिलांना व्यवहार समजत नाही, असा वडिलांचाच अर्ज लागेल."

"समजत नाही, तर अर्ज कसा करतील?"

"समजून-उमजून सही करायची. त्याशिवाय ग्राह्य नाही."

"आणि समजून सही केली तर?"

"मग समजतं हे सिद्ध झालं. अर्ज निकाली."

तरीही साहेब जातीने पाहणीला आले. दाजींनी त्यांना लांज्याच्या आणि राजापूरच्या जुन्या गाड्या अशा काही घडाघडा सांगितल्या, की 'सदर वृद्ध सुज्ञ आढळले' असा शेरा तिथेच पडला. चपला घालता घालता साहेब म्हणाले, "दाजी, माझी एक पेटी राहिली हां. बोलला होतात."

"शकू, साहेबांना पेटी दे गो."

ही बातमी गावभर झाली. मग डॉक्टरांना आठवले, वकिलांना आठवले, समोरच्या चिमाकाकूंनाही चार नारळ आठवले. स्मृती एकट्या दाजींची गेली होती. बाकीच्यांची वयाच्या मानाने फारच तल्लख झाली.

रविवारी शकू वडिलांपाशी बसली. त्यांच्याशी ती जन्मात खोटे बोलली नव्हती.

"बाबा, तुम्ही मला शब्द दिला होतात. यापुढे कोणाला काही देणार नाही म्हणून."

"दिला होता?"

"होय."

"मग झालं तर."

सोमवारी कचेरीत नितेशने पेन पुढे केले. दाजींनी हात मागे घेतला.

"नाय रे. मुलीला शब्द दिलाय."

"कधी दिलात, काका? आठवतंय तरी का?"

"तुला दिलेले तरी कुठे आठवत होते?"

या मुद्द्यावर कोणताच नियम उपलब्ध नसल्याने प्रकरण बंद झाले. बाग वाचली.

आणि दाजींच्या घरापुढच्या खळ्यातली वर्दळ थांबली. नितेशला कामे निघाली. डॉक्टरांना सवड होईना. चिमाकाकूंचे गुडघे दुखू लागले. दाजी सकाळपासून खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसतात आणि विचारतात, "माणसं खंय गेली गो सगळी?"

तरी सर्व संबंधितांना कळविण्यात येते, की दाजींना कोणीही, केव्हाही भेटू शकतो. त्यासाठी अर्ज लागत नाही. रिकाम्या हाताने परत जावे लागेल, एवढी एकच अट आहे.

रांग अजून लागलेली नाही. तुम्ही कधी येताय?