वरच्या खोलीतली अक्का

सोमवार, महिन्याची चार तारीख, सकाळचे अकरा. अनामत दहा हजार, भाडं महिना चार हजार. हजर: मी, माझी बायको, बाजेवर माझी आई आणि भाडेकरू गौतमराव. करारात ‘राहणाऱ्या व्यक्ती’ समोर गौतमरावांनी दोन लिहिलं.

“दुसरं कोण?” मी विचारलं.

“आई.”

“कधी येणार?”

“एन्ट्री ठरलेली नाही, भाऊ. पण येईल.”

नांदेडच्या उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी माणशी मोजावं लागतं. मी दुसऱ्या माणसाचे महिना पाचशे वाढवले. दुसरा कोणी असता तर घासाघीस केली असती. गौतमरावांचा चेहरा उजळला. “तिचे वेगळे लावलेत? फार बरं केलंत,” असं दोनदा म्हणाले.

गौतमराव मूळचे अहमदपूरजवळच्या एका खेड्यातले. शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले, ते एकतीस वर्षं तिकडेच. चार कादंबऱ्या, सात नाटकं, सगळी इंग्रजीत, आणि सगळी त्याच खेड्यात घडणारी. “लंडनवर एकही का नाही?” मी विचारलं. म्हणाले, “तिथं मी फक्त राहतो, भाऊ.”

माणूस नाटकवाला, त्यामुळे भाषाही तसली. चहा आला की ‘चहाची एन्ट्री झाली’. वीज गेली की ‘एक्झिट चुकीच्या जागी घेतली’. माझी बायको चटकन जिना उतरली तर, “वहिनी, टाळ्या पडायच्या आतच गेलात.” बायको मला म्हणाली, “इतक्या वर्षांत तुम्ही एकदा तरी टाळी वाजवली का?” मी नाही म्हणालो, कारण वाजवली नव्हती.

चौथ्या दिवशी वरून म्हातारीचा आवाज आला. आमच्या घराला एकच जिना आहे, सतरा पायऱ्यांचा, आणि तो माझ्या खुर्चीसमोरून जातो. कोणी वर गेलेलं मी पाहिलं नव्हतं. आवाज मात्र स्पष्ट होता, आमच्याच भागातला, “पोरा, दिवा मालव. उजेड हाय की.”

बायकोनं त्या दिवसापासून म्हातारीसाठी मऊ भात पाठवायला सुरुवात केली. ताट रिकामं, घासून परत यायचं. म्हातारी कधी दिसली नाही.

माझ्या आईला त्याचं काही वाटलं नाही. ती लोहा गावाकडची, नजर अधू, कान शाबूत. सकाळी ती वरच्या खिडकीखाली उन्हात बसायची.

“काय करायलीस गं?” वरून यायचं.

“लसूण सोलायले, अक्का. तुझं काय?”

“माझं काय. बसले.”

असं तासन्‌तास. एकदा भाड्याची पावती द्यायला मी वर गेलो. दार उघडं होतं. खिडकीखाली जमिनीवर, टॉवेल पदरासारखा डोक्यावरून घेऊन, गुडघे पोटाशी धरून गौतमराव बसले होते. पाठ माझ्याकडे. मान न वळवता त्यांनी म्हातारीच्या आवाजात सांगितलं, “बस रे बाबा. लेकरू बाहेर गेलंय.”

मी सतरा पायऱ्या किती वेळात उतरलो ते मोजलं नाही. एवढ्या वर्षांत न मोजलेली ती एकच गोष्ट.

संध्याकाळी ते माफी मागायला आले. “प्रत्येक पात्र आधी मराठीत बोलून पाहतो, मग इंग्रजीत उतरवतो. इतरांसाठी खुर्च्या बदलतो. आईसाठी खाली बसावं लागतं. खुर्चीवर ती कधी बसली नाही.” मग हळू म्हणाले, “ती गेली त्या दिवशी माझ्या पहिल्या नाटकाचा पहिला प्रयोग होता. फोन आला. मी प्रयोग केला. सात नाटकांत ती सरपंचावर बोलली, पाटलाच्या विहिरीवर बोलली. माझ्याबद्दल एक शब्द नाही. आठवं नाटक तिच्या त्या एका वाक्यावर अडलंय. म्हणून इकडे आलो.”

“मग माझ्या आईला सांगू का, वर कोणी नाही म्हणून?”

“नका, भाऊ. माझ्या आईशी बोलणारं इतक्या वर्षांनी कोणी मिळालंय.”

पुढच्याच आठवड्यात गौतमराव अहमदपूरला गेले. मीच त्यांना एसटीत बसवून आलो. दुपारी घरी पोचलो तर आई खिडकीखाली गप्पा मारत होती. मला फक्त तिचंच बोलणं ऐकू येत होतं. पण ती मधे मधे थांबत होती, आणि थांबून हसत होती. वर जाऊन पाहिलं. कुलूप होतं.

चौथ्या महिन्यातल्या एका रविवारची सकाळ. आई उन्हात बसलेली, मी पेपर वाचत होतो. वरून आवाज आला. आज तो कापरा होता.

“अगं, माझा लेक न्हाई आला.”

“कवा?”

“मी गेले तवा.”

माझ्या हातातला पेपर खाली आला. आईच्या हातातला लसूण थांबला नाही.

“मग? राग आला लई?”

मी घड्याळात पाहिलं, चाळीस सेकंद. शेवटी आईच म्हणाली, “राग कशाचा? ताट झाकून ठिवलं असशील. आपन दुसरं करतो काय.”

वरून रडण्याचा आवाज आला. तो पुरुषाचा होता.

आठ दिवसांत नाटक पूर्ण झालं आणि गौतमराव निघाले. मी अनामतीचे दहा हजार परत केले आणि दुसऱ्या माणसाचे चार महिन्यांचे दोन हजारही पुढे केले. ते त्यांनी घेतले नाहीत. “ती राहिली ना? आजींना द्या,” म्हणाले, आणि आईच्या पायाला हात लावून, मागं न बघता गेले.

मग मी आईला खरं सांगितलं. वर म्हातारी नव्हती, गौतमरावच आवाज काढायचे.

“सकाळी त्यो काढायचा,” आई म्हणाली. “मला काय कळत न्हाई व्हय? दुपारी ती सोता बोलायची.”

दोन हजारांतले एक हजार आईनं पदराला बांधले. उरलेले एक हजार ‘तिचे’ म्हणून मला वरच्या खिडकीत ठेवायला लावले. मी ठेवले. ती खोली पुन्हा भाड्यानं दिलेली नाही. दर रविवारी वर जाऊन नोटा मोजतो.