मंजूर वाक्यांची यादी

परदेशी गेलेल्या कर्मचाऱ्याने तिकडे भलतंसलतं बोलून कार्यालयाची शोभा करू नये, या उदात्त हेतूने आमच्याकडे एक परिपत्रक निघालं आहे. खासगी रजेवर जाणाऱ्यानेसुद्धा तिकडच्या भाषेत आपण कोणती वाक्यं बोलणार, याची यादी अर्थासह तीन प्रतींत सादर करायची आणि मंजुरी मिळाल्यावरच निघायचं. मंजुरी देणाऱ्या समितीचा मी सदस्य-सचिव. समितीत जर्मन कुणालाच येत नाही, त्यामुळे पक्षपाताचा प्रश्न उद्भवत नाही.

आरेखन शाखेत आयुष्यभर नकाशे काढणाऱ्या, म्हणून सगळ्यांच्या नकाशेकाकांनी अर्ज केला. त्यांची मुलगी जर्मनीत, पहिलटकरीण, आणि जावई जहाजावर. काका-काकूंची तिकिटं निघाली होती. काका जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून मोबाइलवर वाक्यं घोकायचे. 'इश फरश्टे निश्त', म्हणजे मला कळत नाही. चाळीस वाक्यं पाठ झाली तशी त्यांनी सुबक अक्षरात, समास सोडून यादी केली.

पहिल्याच वाक्याला प्रशासनाचे साहेब अडले. सत्तावीस वर्षं सेवा झालेल्या माणसाला कळत नाही, हे आपण लेखी मान्य करायचं? वाक्य खोडलं. 'माफ करा' विधी शाखेकडे गेलं, आणि ही चुकीची कबुली ठरेल असा शेरा घेऊन परत आलं. 'हे केवढ्याला?' म्हटल्यावर खरेदी शाखेने तीन दरपत्रकं मागवली. 'स्वच्छतागृह कुठे आहे?' यावरून प्रवासाचं पूर्वनियोजन नीट झालेलं नाही, असं सर्वांचंच मत पडलं. असं करत करत आम्ही एकविसाव्या वाक्याशी आलो: 'माझ्या मुलीला कळा येताहेत, लवकर मदत करा.' खुलाशासाठी काकांना आत बोलावलं.

"कळा कोणत्या तारखेला येणार?" अध्यक्षांनी विचारलं.

"ते आधी कसं सांगणार, साहेब?"

"मग प्रस्ताव अपुरा आहे. घटना घडली की पुराव्यासह फेरसादर करा."

"बाकीची सगळी खोडा, साहेब. एवढं एक राहू द्या. पोर एकटी आहे हो तिकडे."

काकांनी हात जोडले. मला फार वाईट वाटलं आणि तसं मी इतिवृत्तात नोंदवलंही, पण अध्यक्षांनी विषयपत्रिकेबाहेरचं म्हणून ते वगळलं.

ठरल्या दिवशी काकू एकट्याच गेल्या. त्या कुठल्याच सेवेत नसल्याने त्यांच्या बोलण्याला मंजुरी लागत नव्हती. स्वयंपाक करता करता पाठ केलेली वाक्यं त्यांनी तिथल्या नर्सला एकामागून एक ऐकवली म्हणे, गरज नव्हती तीसुद्धा. नात झाली. काकांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते मोबाइलवर, आरेखनाच्या टेबलापाशी उभं राहून.

मंजुरीचा आदेश निघाला तेव्हा नात तीन वर्षांची झाली होती. चाळीस वाक्यांपैकी तीन मंजूर झाली: 'जरा थांब', 'बघू' आणि 'नंतर'. या तिन्हींमुळे कार्यालय कुठेही अडचणीत येत नाही, हा शेरा माझाच.

त्याच आठवड्यात मुलगी नातीला घेऊन माहेरी आली. काका मोठ्या हौसेने नातीला कार्यालयात घेऊन आले. पोरीला फक्त जर्मन येत होतं. तिने आजोबांचं बोट धरून खिडकीकडे ओढलं.

"ओपा, कॉम!" आजोबा, चल ना.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. परिपत्रकात देशाचं नव्हे, भाषेचं बंधन आहे, हे मी त्यांना सकाळीच समजावलं होतं. निवृत्तीला सहा महिने उरलेले.

"आइनन मोमेंट," काका म्हणाले. जरा थांब.

तिने पुन्हा ओढलं.

"श्पेटर." नंतर.

पोरीने बोट सोडलं आणि एकटीच खिडकीशी जाऊन उभी राहिली. काकांनी डोळे पुसले, आणि मी आदेशाची अंमलबजावणी झाल्याची नोंद केली.

तुम्ही आमच्या समितीला हसत असाल. खुशाल हसा. फक्त हे वाचताना मघाशी घरातल्या कुणी तुम्हाला हाक मारली, तेव्हा मान वर न करता तुम्ही काय उत्तर दिलंत, तेवढं आठवून पाहा. आमच्या तीन वाक्यांतलंच एखादं असेल, तर अर्ज करायची गरज नाही. ते मंजूर आहे.