पितळी पळी आणि कासवआजोबांचा हिशेब

एका जंगलात, मुलांनो, अनुभव उदंड होता. पाणी कमी पडे, चारा कमी पडे, अनुभव कधी कमी पडत नसे.

दर वर्षी तिथे सगळ्यांसाठी मोठ्या पातेल्यात खीर शिजे. ती शिजेपर्यंत पळी हातातून सोडायची नाही, अशी रीत होती. जो शेवटपर्यंत ढवळेल त्याला सभेत जागा मिळे. यंदा भिंगरी नावाची तरुण माकडीण पुढे झाली. सभेत एकही तरुण नव्हता. तिला ती जागा हवीच होती.

आजवर पळी लाकडी होती. यंदा अस्वलकाकांनी जंगलाची शान म्हणून दांड्यासकट पितळेची आणली.

"काका, दांड्याला निदान लाकूड बांधा," भिंगरी म्हणाली. "तांबं-जस्ताचा मिश्रधातू आहे हा. लगेच तापेल."

"चाळीस वर्षं पळी धरलीय मी. कधी चटका बसला नाही."

"ती लाकडाची होती."

"पळी ती पळीच. चार बुकं शिकलीस म्हणून आम्हाला ढवळायला शिकवू नकोस."

प्रकरण सभाध्यक्ष कासवआजोबांकडे गेलं. त्यांनी पळी निरखली.

"जाळ खाली, हात वर. मधे दीड हाताची वाट. ती चालायला मला दुपार होते. उष्णता काय माझ्यापेक्षा भरभर चालते?"

सभेने माना डोलावल्या.

खीर उकळली. भिंगरीने शंभर आकडे मोजायच्या आत तळवा लाल झाला. तिने हात बदलला. दुसराही लाल झाला.

"आजोबा, भाजतंय."

"इतक्यात? उष्णता अजून निम्म्या वाटेतसुद्धा नसेल."

"मग तुम्हीच हात लावून बघा."

आजोबांनी चारही पाय आत ओढून घेतले. आतून आवाज आला, "पाठीला लाव."

भिंगरीने तापलेला दांडा त्यांच्या बोटभर जाड कवचावर टेकवला. सभेने श्वास रोखला.

"थंडगार," आजोबा म्हणाले.

लगेच ठराव झाला : पितळ तापत नाही, हे प्रत्यक्ष स्पर्शाने सिद्ध झालं आहे.

भिंगरीने पळी खाली टाकली. तळव्यांवर टपोरे फोड आले होते.

"आमच्या वेळी एवढे फोड येत नसत," अस्वलकाका म्हणाले.

खीर तळाला लागली. सभेतली जागा कासवआजोबांच्या थोरल्या बंधूंना मिळाली. त्यांनी पळी कधीच सोडली नव्हती, कारण कधी धरलीच नव्हती.

तात्पर्य : धातू किती लवकर तापतो हे ठरवण्याचा अधिकार ज्याला चटका बसत नाही त्याचाच असतो. म्हणून मुलांनो, हात कणखर करण्यात वेळ घालवू नका. पाठ जाड करा.